उजव्या खिशातले चिंचोके

तोडणकर बाईंना मी प्रथम पाहिले ते माझ्या अर्जातले दोन शब्द खोडताना.

मी व्यवसायाने अर्जलेखक आहे. रत्नागिरीत कचेरीच्या आवाराबाहेर, जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्याला लागून माझे टेबल आहे. शिक्षण म्हणाल तर नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या हातून गेलेला अर्ज त्रोटक आहे म्हणून परत आल्याचे उदाहरण नाही. शेजारी संगणकवाले येऊन बसले, त्यांनी छापील नमुने काढले, तरीही गावोगावची माणसे अजून माझ्याकडे येतात. कागदावर माणसाच्या हाताचे अक्षर असले म्हणजे साहेब दोन ओळी अधिक वाचतो, अशी त्यांची समजूत आहे. ती मीच करून दिलेली आहे. माणूस बाकावर बसून पहिले वाक्य निम्मे बोलला की उरलेले मला समजते, या गोष्टीचा मला अभिमान होता.

बाई आल्या तेव्हाही तसेच झाले. पंचेचाळिशीच्या, सावळ्या, बारीक चणीच्या. अंगात साधा कुडता आणि त्याला दोन्ही बाजूंना मोठे खिसे. गाव केळशी, घरची होडी, वडील मासेमारी करणारे. मुंबईला जाऊन वाचादोषांवरील उपचारांचे शिक्षण घेतलेले. तोतरे बोलणाऱ्या लहान मुलांसाठी अंगणवाड्यांतून माहिती सांगण्याची परवानगी त्यांना हवी होती. एवढे ऐकताच मी लिहू लागलो. त्यांनी मला अडवले नाही. माझे लिहून झाल्यावर कागद हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि माझेच पेन मागून घेऊन दोन शब्द खोडले. मी लिहिले होते, ‘सदर उपचाराने तोतरेपणाचा हमखास व समूळ नाश होतो.’

“हमखास आणि समूळ, हे दोन शब्द माझे नाहीत, भाऊ,” त्या म्हणाल्या. “बाकी अर्ज छान आहे. अक्षर तर फारच छान.”

खाडाखोड केलेला कागद मी कधी पुढे जाऊ देत नाही. पूर्ण अर्ज पुन्हा उतरवून दिला. पण तो उतरवताना माझ्या मनात एक लहानशी अढी बसली. पुढे जे घडले, त्याचे मूळ मी इतरत्र कितीही शोधले तरी त्या अढीपाशीच येऊन थांबतो.

परवानगी मिळाली. माझ्या टेबलासमोर, रस्त्यापलीकडे, एका जुन्या धर्मादाय संस्थेची इमारत होती. तिच्या तळमजल्यावरची एक खोली आणि पुढची पडवी बाईंना आठवड्यातून तीन दुपारी मिळू लागली. खिडकी रस्त्याकडे असल्यामुळे त्यांचे काम मला जागेवरूनच दिसे, आणि रहदारी कमी असली म्हणजे ऐकूही येई. अशा रीतीने मी त्यांचा शेजारी झालो.

बाईंची पहिली सवय अशी, की समोरच्याचे बोलणे संपल्यावर त्या लगेच उत्तर देत नसत. एक श्वास जाऊ देत. संस्थेचा शिपाई त्यांना पहिले पंधरा दिवस बहिऱ्या समजून ओरडून बोलत असे. त्यालाही त्यांनी कधी दुरुस्त केले नाही. एक श्वास थांबून हळू आवाजात उत्तर देत राहिल्या. पुढे तो हळू बोलू लागला, इतका की त्याने चहासाठी विचारलेले आम्हांलाच ऐकू येईनासे झाले.

दुसरी सवय खिशांची. उजव्या खिशात मूठभर चिंचोके असत. मुलाशी खेळता खेळता ते कुठे अडखळले, की बाईंचा हात खिशात जाई आणि एक चिंचोका उजवीकडून डावीकडे येई. हे त्या इतक्या सहज करीत की समोरच्या मुलाला पत्ता लागत नसे. तास संपल्यावर डावा खिसा वहीवर रिकामा करून किती झाले ते लिहून ठेवीत. यंत्र मिळते म्हणे मोजायला, पण त्याचा आवाज होतो, आणि आवाज झाला की मुलाला कळते आपली मोजणी चालली आहे. मासळीबाजारात एखादे अनोळखी मूल आईपाशी अडखळत हट्ट करीत असले तरी बाईंचा हात आपसूक खिशात गेलेला मी पाहिला आहे. त्या दिवशी त्यांच्या पिशवीत बांगडे होते आणि त्या बराच वेळ उन्हात उभ्या होत्या.

एकदा लांज्याची एक आजी नातवाला घेऊन आली. घरी त्या पोराच्या जिभेला वेखंड घासून झाले होते, देवळातल्या शंखात रात्रभर ठेवलेले पाणीही चालू होते. बाई ते बंद करायला लावणार, अशी माझी खात्री होती. मी तर त्या आजीच्या वतीने मनातल्या मनात रागावूनही घेतले. बाई म्हणाल्या, “वेखंड नको, जीभ सोलवटते. पाणी खुशाल द्या, आजी. फक्त पाजताना घाई करू नका. तो भांडं तोंडाला लावेपर्यंत त्याचं काय चाललंय ते ऐकत बसा.” महिन्याने आजी पुन्हा आली आणि शंखाच्या पाण्याचा गुण आला म्हणून बाईंना सांगू लागली. बाईंनी मान डोलावली. मला ते लबाडीचे वाटले होते. आता वाटत नाही.

परंतु सर्वांत खटकत असे ती त्यांची एक उक्ती. कुणी विचारले, मूल कधी बरे होईल, तर त्या सरळ तोंडाकडे पाहून म्हणत, “मला माहीत नाही.” त्या सांगत, की या वयातली बरीचशी मुले आपोआपही सुटतात, पण कुठले सुटेल आणि कुठले अडकून राहील हे आधी ओळखता येत नाही, म्हणून वाट पाहत बसायचे नाही. इथवर ठीक. मग कुणी विचारी, उपचार कोणता चांगला, की पुन्हा तेच. ज्याला माहीत नाही त्याने खुर्चीवर बसू नये, असे माझे त्या काळी मत होते. मी स्वतः हे तीन शब्द कोणत्याही अशिलापुढे उच्चारलेले नाहीत.

माहीत नव्हते म्हणूनच त्यांनी दोन पद्धती ताडून पाहण्याचे काम काढले. अजून शाळेत न जाणारी, तोतरी बोलणारी मुले आणि त्यांचे आईबाप पडवीत जमवले. मी टेबल सोडून कडेला जाऊन उभा राहिलो होतो. त्या म्हणाल्या, खाडी ओलांडायला शीडही असते आणि वल्हेही असते. शिडाची पद्धत म्हणजे घरच्यांनी आपले बोलणे संथ करायचे, प्रश्नांचा भडिमार थांबवायचा, रोज थोडा वेळ त्या एकट्या मुलाच्या खेळात बसायचे आणि अडखळण्याविषयी चकार शब्द काढायचा नाही. वारा अनुकूल केला की होडी आपली चालते. वल्ह्याची पद्धत म्हणजे रोज ठरलेल्या वेळी खेळता खेळता मूल सरळ बोलले की आईने त्याला तसे सांगायचे, किती छान सुळकन बोललास. आणि पुष्कळदा असे कौतुक झाल्यावर एखाद्या वेळी, तेही हळूच, हा शब्द जरा अडला, पुन्हा म्हणून बघतोस का? दोन्हींनी मुले पलीकडे गेलेली आहेत. आपल्याकडच्या घरांत, आपल्या बोलण्यात, कोणती लवकर नेते ते पाहायचे.

“बाई, आणि इंजिन न्हाय काय?” एका बापाने मागून विचारले.

बाई एक श्वास थांबल्या. “असतं तर मीच पहिली चढून बसले असते.”

सगळे हसले. मग कुणी कोणत्या होडीत बसायचे ते चिठ्ठ्यांवर ठरले. आपण निवडले तर सोपी मुले नकळत एका बाजूला जातील आणि शेवटी काहीच कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एकेका आईने रोवळीतून चिठ्ठी उचलली. शेवटी बाईंनी सांगितले, की कुणाला मध्येच सोडायचे असेल, होडी बदलायची असेल, तर फक्त मला येऊन सांगा, मी कारण विचारणार नाही. हे वाक्य बोलले गेले तेव्हा मी माझ्या टेबलाकडे परत निघालो होतो. ऐकले नाही असे म्हणता येणार नाही. लक्ष दिले नाही.

बंदरावर मासे विकणारी सुगंधा त्या आयांमध्ये होती. तिचा मुलगा ओंकार, चार वर्षांचा, गोरटेला आणि अखंड बोलणारा. शब्दाच्या सुरुवातीला अडे. डोळे मिटून, मूठ आवळून तो शब्द बाहेर ढकली आणि पुन्हा पुढे धावे. सुगंधाच्या वाट्याला शीड आले. तिच्या शेजारणीच्या मुलीला वल्हे. दीडेक महिन्यात ती मुलगी चांगलीच मोकळी झाली. ओंकार होता तिथेच. बाजार उरकून सुगंधा एके दिवशी माझ्या बाकावर येऊन बसली.

“भाऊ, बाईंच्या नावानं एक अर्ज लिवून द्या. माज्या पोराला त्या दुसऱ्या...”

“दुसऱ्या मुलांना जो उपचार दिला तो त्याला दिला नाही,” मी म्हणालो.

“व्हय, पन माजं म्हननं...”

“समजलं मला.”

मी कागद पुढे ओढला. मला खरोखर सारे समजल्यासारखे वाटत होते. एका गरीब कोळणीच्या मुलाला मुद्दाम कमी प्रतीचा उपचार, आणि दुसऱ्याच्या मुलीला चांगला. तोही चिठ्ठ्या टाकून, आणि टाकणारी बाई स्वतःच्या तोंडाने कबूल करते की आपल्याला माहीत नाही. सव्वीस वर्षांत इतका बांधेसूद अर्ज माझ्या हातून झाला नव्हता. ‘अजाण बालकांवर प्रयोग’ हे शब्द मी विषयाच्या ओळीतच घातले. बाईंच्या नावाने लिहायचा तो अर्ज मी जिल्ह्याच्या साहेबांच्या नावाने लिहिला, आणि खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून संस्थेसह पाच ठिकाणे घातली, त्यांत एक वर्तमानपत्र.

आमच्या व्यवसायात एक रीत आहे. अर्जदाराला अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा आणि खाली ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ असे लिहून त्याची सही घ्यायची. मी वाचून दाखविला. ज्या गतीने पुजारी रोजची आरती उरकतो त्या गतीने वाचला. सुगंधा माझ्या तोंडाकडे पाहत होती. वाचून झाल्यावर तिने एवढेच विचारले, “यानं पोराचं बदलून मिळंल ना?” मी म्हणालो, सगळेच बदलेल. तिने सावकाश अक्षरे जुळवीत सही केली.

वर्तमानपत्राने विषयाची ओळ जशीच्या तशी मथळ्यात घेतली. ते कात्रण मी टेबलाच्या काचेखाली ठेवले होते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवीत होतो, हेही इथे लिहिले पाहिजे. संस्था घाबरली. चौकशी होईपर्यंत खोलीला कुलूप लागले आणि त्या कुटुंबांना भेटू नये असे बाईंना कळवण्यात आले. प्रयोग हा शब्द ऐकून निम्म्या आयांनी आधीच मुले घरी ठेवली होती. बाई तरीही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येऊन पडवीच्या पायरीवर बसत. कुणी आले तर खोली बंद आहे एवढे सांगत, मुलाशी मात्र हसत, आणि तास संपला की उठून जात. मी मान खाली घालून लिहीत असे. त्या दिवसांत माझे अक्षर बिघडले, असे संगणकवाल्याच्या लक्षात आले.

चौकशीला तीन माणसे आली. त्यांनी वह्या पाहिल्या, आयांच्या संमतीचे कागद पाहिले. सुगंधालाही बोलावले. परत जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली आणि तेव्हा मला समजले की तिला काय हवे होते. तिला ओंकारला शिडातून काढून वल्ह्यात घालायचे होते. त्याला अर्ज लागतच नव्हता. तोंडाने सांगितले असते तर त्याच दुपारी झाले असते. पण अर्जाशिवाय कुठे काही होत नाही, हे मीच साऱ्या बंदराला इतकी वर्षे शिकवले होते.

“तुमी चांगलंच लिवलंत, भाऊ,” ती म्हणाली. “माजंच सांगायचं चुकलं.”

मी तिला सांगू शकलो असतो की तिचे सांगायचे चुकले नव्हते, ते पुरे झाले नव्हते. मी म्हणालो, होते असे कधी कधी.

घरी मी हा विषय काढला, म्हणजे तोडणकर बाईंची एक पद्धत म्हणून सांगितले, की समोरच्याचे वाक्य आपण पुरे करू नये, त्याचे त्याला करू द्यावे. आमच्या सौभाग्यवती भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, “लग्नाला तीस वर्षं झाली. तुम्ही माझं एक तरी...” आणि त्यांनी मुद्दाम तिथेच सोडून दिले. मी पुढचे बोललो नाही.

बाईंविरुद्ध काहीही आक्षेपार्ह आढळले नाही, असा अहवाल झाला. तो यायला पावसाळा उलटून गेला. तोवर ती खोली शिवणवर्गाला दिली गेली होती, आणि बाईंकडच्या मुलांतली मोठी मुले शाळेत बसली होती. बाई एकदा आयांना सांगत होत्या ते मी ऐकले होते: या वयात मूल अडखळते पण लाजत नाही, हीच खरी संधी असते. एकदा लाजायला लागले की ते पळवाट काढते. जो शब्द येत नाही तो टाळून दुसरा सोपा शब्द पुढे करते. पाणी म्हणता येत नसेल तर तहान म्हणते, तेही जमत नसेल तर गप्प राहते. मग लोक म्हणतात बरा झाला.

ओंकार शाळेत जाऊ लागल्यावर एकदा मी सुगंधाला विचारले, कसे आहे आता. तिने टोपलीवरचे फडके सारखे केले.

“आता अडकत न्हाय तो,” ती म्हणाली. “बोलतच न्हाय.”

बाईंना मी शेवटचे पाहिले ते त्या रत्नागिरी सोडून सावर्ड्याला निघाल्या त्या दिवशी. तिकडे एका दवाखान्यात त्यांना आठवड्याचे दोन दिवस मिळाले होते. खांद्याला पिशवी, हातात वह्यांचे गाठोडे. रस्ता ओलांडून त्या सरळ माझ्या बाकावर येऊन बसल्या. मुलांच्या घरी द्यायला एक पत्र हवे होते. त्या म्हणाल्या, “तुमच्या अक्षरावर लोकांचा विश्वास आहे, म्हणून तुमच्याकडे आले.”

त्यांना माहीत होते. अर्जाची प्रत त्यांच्या हाती पोहोचली होती, आणि माझे अक्षर त्यांनी पहिल्याच भेटीत नीट पाहिले होते. आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. दोन्ही पद्धती घरी कशा चालू ठेवायच्या, ते साध्या वाक्यांत. प्रत्येक वाक्य त्यांचे पुरे होईपर्यंत मी पेन कागदावर टेकवले नाही. एक वाक्य असे होते: ‘यांपैकी कोणती पद्धत अधिक चांगली, हे पाहायचे राहून गेले, म्हणून ते मला अजून माहीत नाही.’ तेही लिहिले. कुठेही सबब, सदर, उपरोक्त घातले नाही. वाचून दाखविताना प्रत्येक ओळीला थांबलो. त्यांनी ऐकले, एक श्वास जाऊ दिला आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली.

कागद घडी करून त्या उठतील असे वाटले. त्या उठल्या नाहीत. मी पेनाचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले.

“बाई,” मी म्हणालो, “तो अर्ज...”

त्यांनी गाठोडे मांडीवरून खाली बाकावर ठेवले आणि माझ्याकडे पाहू लागल्या. खिडकीतून इतके महिने मी त्यांना मुलांकडे असेच पाहताना पाहिले होते. भुवया वर नाहीत, मान पुढे नाही, ओठ पुढचा शब्द जुळवीत नाहीत. जगातले सगळे काम संपले आहे आणि आता फक्त या एका माणसाचे एक वाक्य यायचे उरले आहे, अशी ती नजर. एसटी स्थानकाकडे जाणारी रिक्षा समोर येऊन थांबली, रिक्षावाल्याने त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी मान वळवली नाही, रिक्षा निघून गेली. मी सव्वीस वर्षे दुसऱ्यांची वाक्ये पुरी करीत आलो आहे. माझे अवघे तीन शब्दांचे होते. ‘तो मी लिहिला.’ ओठ उघडले, पहिलाच शब्द अडला, आणि माझी उजवी मूठ टेबलाखाली आवळली गेलेली मला जाणवली.

त्या थांबल्या. एवढा वेळ माझ्यासाठी आजवर कुणी थांबलेले नाही.

“तो अर्ज... म्हणजे हे पत्र,” मी म्हणालो, “झेरॉक्स समोरच्या दुकानातच काढा. आणि तुमची गाडी किती वाजताची?”

बाईंनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांचा उजवा हात सावकाश खिशात गेला, बाहेर आला, आणि मूठ तशीच बंद ठेवून डाव्या खिशात उतरला.

“साडेचारची,” त्या म्हणाल्या, आणि गाठोडे उचलून उठल्या.